लायनीतली खरखर

आई, गेल्या आठवड्यात जेवताना ऑफिसातल्या नव्या मुलांनी मला विचारलं, मॅडम, तुमच्या वेळी इंटरनेट कसं होतं? मी म्हणाले, वाजायचं. ती हसली. मग मी त्यांना मोडेमचा आवाज काढून दाखवला, आधी बारीक शिट्टी, मग घरघर, मग दोन सूर एकमेकांवर आपटल्यासारखे. मला तो अजून पाठ आहे. पण त्या आवाजाचा अर्थ मला पहिल्यांदा कुणी सांगितला ते मी त्यांना सांगितलं नाही. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि हे तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलंय.

तू टेलिफोन ऑपरेटर होतीस, परगावचे ट्रंक कॉल हातानं जोडून देणारी. सांगलीच्या एक्स्चेंजात शिकलीस, कराडला बदली घेतलीस, आणि बाबा पलटणीबरोबर देशभर फिरत असताना मला एकटीनं वाढवलंस. शाळा सुटली की मी तुझ्या ऑफिसात येऊन दाराशी बसायचे. आत ओळीनं बायका, कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि सगळ्यांचे हात सारखे वायरी खुपसतायत, काढतायत. घरी तू तुझ्या वडूजकडचं बोलायचीस, पण हेडसेट चढवला की तुझा आवाज इस्त्री केल्यासारखा व्हायचा. 'नमस्कार, ट्रंक. कुठला नंबर हवाय आपल्याला?' सांगलीचे हळदीचे व्यापारी तू नुसत्या खाकरण्यावरून ओळखायचीस. मुंबईच्या लाइनला कोल्हापूरच्या लाइनपेक्षा वेगळा घुमारा असतो, असं तू एकदा भात उतरवता उतरवता सांगितलं होतंस. मला ते खोटं वाटलं होतं.

मी इंजिनिअरिंगला गेले तोवर लोक घरून थेट नंबर फिरवायला लागले होते. बोर्ड बंद झाला. तुमच्यातल्या काहीजणींना बिलांच्या टेबलावर बसवलं, तुला तक्रारीच्या खिडकीत. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि वहीत 'फोन बंद' लिहायचं. तू कधी कुरकुरली नाहीस. फक्त घरी आल्यावर पूर्वीइतकी बोलायची नाहीस.

अशात मी एका सीनियरचा जुना काँप्युटर घरी आणला आणि तो मोडेमनं आपल्या फोनला जोडला. कराडला तेव्हा अशी किती घरं असतील? इंटरनेटसाठी लावायचा नंबर साताऱ्याचा होता. मी टेबलाशी बसलेय, तू पदराला हात पुसत दारात उभी आहेस, आणि मोडेम वाजायला लागतो. मी लाजून त्यावर उशी ठेवायला जाते, तर तू म्हणतेस, "थांब, ऐकू दे." शेवटपर्यंत ऐकून तू विचारलंस, "तिकडं कोण हाय?"

"कोणी नाही. तिकडंही मशीनच आहे."

"मग ही दोघं एकमेकांना हॅलो म्हणत्यात. पयल्यांदा हा म्हनला, ऐकू येतंय का. तो म्हनला, व्हय, पर जरा सावकाश बोल. मग ठरलं दोघांचं, कसं बोलायचं ते. आमीबी हेच करत हुतो की! दोन्हीकडनं हॅलो ऐकल्याबिगर मी कवाच लाइन सोडली न्हाई."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नेमकं हेच विचारलं. मोडेम जोडणी कशी करतो? पुस्तकातली व्याख्या ऐनवेळी आठवेना, तेव्हा मी तुझं उत्तर शुद्ध मराठीत, मग इंग्रजीत करून सांगितलं. ते मान डोलवत म्हणाले, "हे कुठं वाचलंत?" मी म्हणाले, "असंच, सर." हे तुला घरी येऊन सांगितलं, तेव्हा तू शेंगदाणे भाजत होतीस. तुझा कढईतला हात थांबला आणि दाणे करपले.

पण तू मला बोललीस तो दिवसही मला तितकाच लख्ख आठवतो. त्याच्या आदल्या रविवारची दुपार. मी दीड तास लाइन अडवून बसले होते. एक चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरत होतं, आणि तेवढ्यासाठी मला जागचं उठवत नव्हतं. त्याच दीड तासात बाबा त्यांच्या युनिटात फोनच्या रांगेत उभे होते. तीनदा नंबर लावला, तीनदा एंगेज. पुढच्या रविवारी ते बोलले तेव्हा आपल्याला कळलं. तू रिसीव्हर ठेवलास आणि वळलीस.

"तिकडं माणूस रांगंत हुबं ऱ्हाऊन फोन लावतंय आन् हितं तुजी शिट्टी वाजतीया. लाइन काय तुज्या एकटीची हाय?"

चूक माझी होती. मला ते कळतही होतं, म्हणूनच मी जास्त लागेल असं बोलले. "तुझा बोर्ड बंद पडला, त्याचा राग माझ्या काँप्युटरवर काढू नकोस."

 तू म्हणालीस, "बोर्ड बंद पडला. मी न्हाई." आणि आत जाऊन कणीक मळायला घेतलीस. चार दिवस आपण कामापुरतंच बोललो.

पाचव्या दिवशी माझा बंगलोरचा अर्ज जायचा होता. तिथल्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळत होता. हे मला कळलंच होतं इंटरनेटवरून, आणि तेही इतकं उशिरा की पोस्टानं अर्ज पोचला नसता. ईमेल चालणार होता, संध्याकाळी पाचपर्यंत. श्रावणातली झड दोन दिवस लागून होती. मी सकाळी कॉलेज बुडवून बसले. मोडेम शिट्टी वाजवायचा, घरघरायचा, आणि अर्धी फाइल गेली की कट. अकरा वेळा. बारा वेळा. दुपारी तू जेवायला घरी आलीस तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते.  तू मोडेमची पिन काढून फोन लावलास, रिसीव्हर कानाला धरलास, डोळे मिटलेस.

"ही खरखर एक्स्चेंजची न्हाई," तू म्हणालीस. "पाणी शिरलंय. जॉइंटात."

मग छत्री न घेता मागच्या पडवीत गेलीस. वळचणीखाली, जिथं खांबावरची तार घरात येते, तिथं कुणीतरी कधीतरी नुसता पीळ देऊन ठेवलेला जोड होता, हिरवा पडलेला. तू स्टूल मागितलंस, पदर खोचलास आणि वर चढलीस. मी म्हणाले, "आई, लाइनमनला बोलाव ना." तू वरूनच म्हणालीस, "तक्रारीची वही माज्याच टेबलावर हाय. आपला नंबर परवा दिशी लागंल. चाकू दे." स्वयंपाकघरातल्या चाकूनं तू तार खरवडून लालभडक केलीस, नवा पीळ घातलास, दातांनी ओढून आवळलास, आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा त्यावर गुंडाळून सुतळीनं बांधलास. वीस वर्षं लाइनमन लोकांवर ओरडून ओरडून तू हे शिकली होतीस, आणि आज पहिल्यांदा स्वतः केलंस. उतरलीस तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं ते तेज होतं. "लाव आता," तू म्हणालीस.

लागला. एका दमात लागला, आणि फाइल किती गेली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी शेवटापर्यंत सरकली. तू ऑफिसला उशीर करून माझ्या पाठीशी उभी राहिलीस. नऊ दिवसांनी त्याच वाटेनं उत्तर आलं आणि मी बंगलोरला गेले. आज माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. कुठं काही अडलं की ती पडद्यावरचे आकडे बघतात. मी आधी जाऊन जोड बघते. बहुतेक वेळा मी बरोबर ठरते. हे मी गर्वानं म्हणते, आणि त्यातला अर्धा गर्व तुझा आहे.

एकच गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या अर्जात आईचा व्यवसाय विचारला होता. मी भांडणाच्या रागात आदल्या दिवशी तिथं इंग्रजीत 'गृहिणी' लिहिलं होतं. तू भिजून उतरलीस, मी पाठवायचं बटण दाबायला हात नेला, आणि पडद्यावर उघड्या अर्जात तो शब्द मला समोर दिसला. तुला इंग्रजी वाचता यायचं. तू पाठीशीच होतीस. तुला दिसला की नाही, मला माहीत नाही. बदलायला एक मिनिट लागलं असतं, आणि पाच वाजायला अजून दोन तास होते. तेवढ्यात लाइन तुटली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. ती तुटली नसती, आई. ती तू बांधली होतीस.