बग क्रमांक सतरा, मतं एक

३ एप्रिल
आजपासून आपल्या ‘नोंद’ ॲपचा कारभार लोकशाहीनं. ॲप मीच बनवलं, पण ओपन सोर्स हाय, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा. बग, म्हणजे ॲपमधला बिघाड, दिसला की कोणीही वेबसाइटवर तक्रार टाकावी, बाकीच्यांनी मत द्यावं. ज्याले जास्त मतं, तो बग पहिले दुरुस्त. चामोर्शीत कॉम्प्युटर क्लास चालवून एवढा पुढचा विचार करणारा मी एकटाच असेन. बायकोले, दिव्यानीले, सांगितलं. ती म्हणे, पहिले सिलिंडर लावून द्या.

९ एप्रिल
भामरागडकडच्या आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, बायनाबाई मडावी मीटिंगले आल्या होत्या, क्लासवर येऊन भेटल्या. गरोदर बाया अन् लेकरांच्या लसीच्या तारखा त्या माझ्या ॲपमध्ये भरतात. तक्रार अशी: आठ-दहा दिवस नेटवर्क गेलं अन् मग आलं, की भरलेली नावं गायब. त्यांच्यासमोरच तक्रार टाकली. क्रमांक १७. एक मत मीच दिलं. त्या म्हणे, मंग उद्या होऊन जाईल ना सर? मी मतांचा नियम समजावला. तर म्हणे, आमच्या गावसभेत हात नाई मोजत जी. एकाचं जरी अडलं तरी सगळे बसून राह्यतात, त्याचं सुटेपर्यंत.
चांगली पद्धत हाय. पण सॉफ्टवेअर असं चालत नाई.

२२ एप्रिल, सकाळी ७
बग १७: मतं १. डार्क मोडची, म्हणजे काळ्या स्क्रीनची मागणी: मतं ६४. जनतेचा कौल स्पष्ट हाय.
डार्क मोड मलेच पाहिजे होता, हे खरं. क्लासच्या पोरांले हजेरी घेताना लिंक दिली, हेही खरं. पण बटण त्यांनी आपापल्या बोटानं दाबलं.

११ मे
डार्क मोड झाला. झकास दिसते.
दिव्यानी म्हणे, काऊन जी, ज्याच्याकडे नेटवर्कच नाई, तो मत कुठून देईल? ऊन लागलं की ती असं काहीतरी बोलते. मुद्दा समितीपुढे ठेवीन. समितीत सध्या मी एकटाच. बैठक जूनमध्ये.

२ जून
बायनाबाईंचा फोन. पावसाच्या आधी होईल का, नाई तर पुन्हा वहीत लिहून ठेवू का, विचारत होत्या. मी ठाम सांगितलं, वही नाई, आता डिजिटल. मार्चच्या ट्रेनिंगमध्ये मीच सगळ्या आशाताईंच्या वह्या बंद करवल्या. आता माघार घेतली तर काय दिसेल? फोन ठेवल्यावर छातीत कसंतरीच झालं. ॲसिडिटी असेल.
उद्या बग १७. पक्कं.

३ जून
आष्टीले लग्न होतं.

४ जून
बटणांचे कोपरे गोल पाहिजेत: मतं ३८. आता नियम म्हणजे नियम. उद्या मात्र नक्की.

९ जुलै
पर्लकोटा नदीले पूर. पूल पाण्याखाली, टॉवर बंद, भामरागड तुटलं. म्हणजे बायनाबाई आता फोनही करू शकत नाईत. जरा बरं वाटलं. मग बरं वाटलं याचंच वाईट वाटलं. जेवण गेलं नाई. दिव्यानीनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, भाजीत मीठ जास्त हाय. आता ती बोलून नाई राह्यली.

१८ सप्टेंबर
फोन आला. पुरानंतर आता कुठं नेटवर्क आलं अन् फोनमध्ये भरलेली नावं गेली. बाया अन् लेकरं मिळून एक्केचाळीस. बायनाबाई रागावल्या नाईत. रागावल्या असत्या तर माझं उत्तर तयार होतं.
दुपारी बग १७ उघडला. नेटवर्क आलं की ॲप सर्व्हरवरची रिकामी यादी खरी धरत होतं अन् फोनमधली पुसत होतं. एक ओळ बदलली. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच चहाले. एप्रिलपासून मी या वीस मिनिटांले टाळून राह्यलो होतो. लाज वाटते, लेका.

२९ सप्टेंबर
एसटीनं भामरागड. दुरुस्त ॲप सोबत नेलं. ‘तुमच्या एका मताचीही आम्ही कदर करतो’ असं भाषण वाटेत पाठ केलं होतं. बायनाबाईंनी ते सुरूच होऊ दिलं नाई. हातात वही दिली अन् म्हणे, तुमचं अक्षर बरं असन सर, लिहा.
दिवसभर त्यांच्या मागं मागं घरोघरी फिरलो. त्या गोंडीत विचारत, मी लिहीत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे नवीन आशा काय? त्या म्हणे, नाई जी, शिकून राह्यले. सगळं अंगण हसलं. मीही हसलो.
संध्याकाळी नावं मोजली. चाळीस. एक कमी.
पुरात कोणाकडे तरी पाहुणी आलेली एक पोरगी होती, म्हणे. तिसरा महिना, पायावर सूज, रक्त कमी. बायनाबाईंनी घाईत तिचं नाव-गाव फक्त फोनमध्ये भरलं. पाणी उतरलं तशी ती निघून गेली. बायनाबाई डोळे मिटून किती वेळ आठवत बसल्या. नाव आठवेना, गाव आठवेना.
त्यांचे हाल पाहवेनात. मी म्हटलं, थांबा बाई, ॲपमध्ये पाहून सांगतो.
फोन खिशातून काढलाही होता.