प्रोजेक्टर, सुटा बल्ब आणि बशीरचाचांची खुर्ची

मी, पारस सुमेरमल बाफना, वय ४६, धंदा किराणा, राहणार खांडबारा, ता. नवापूर, जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. इतक्या लवकर का, याचे कारण कलम ३ मध्ये आहे.

१. घर, दुकान व ठेवी पत्नी एकता हिला. आई नोजीबाई यांची पुढची खोली त्यांच्या हयातीत जशी आहे तशी राहावी. पितळी तराजू धाकटा भाऊ महावीर याला. तो त्यात फुले भरून दिवाणखान्यात ठेवील हे मला माहीत आहे, तरीही.

२. वडिलांनी सुरतेहून आणलेला जुना फिल्म प्रोजेक्टर आणि सहा रिळे मुलगी जिनल हिला. कॅमेरा कायम वडिलांच्या हातात असल्याने ते स्वतः फक्त सहाव्या रिळात दिसतात, दहा सेकंद. तेवढे चित्रण गल्लीतले रेडिओ-पंख्यांचे मेकॅनिक बशीरचाचा यांनी केले.

३. २००१ साली बशीरचाचांनी प्रोजेक्टरला नवा बल्ब बसवला आणि काचेला बोट लावू नको असे मला बजावले. ते गेल्यावर बल्ब नीट बसला ना, या शंकेने मी दुकानात तेल मापता मापता उठून तो तेलकट अंगठ्याने दाबून पाहिला. पाच मिनिटांत काचेला फोड आला आणि बल्ब गेला. बशीरने जुना माल गळ्यात मारला, असे वडील म्हणाले. मी गप्प राहिलो. बल्ब चाचांना परत गेला आणि त्यांचे आमच्याकडे येणे थांबले. दोन वर्षांनी वडील वारले. पुढे दर संवत्सरीला, आम्हा जैनांच्या क्षमेच्या दिवशी, मी चाचांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत आलो, पण ही चूक नाव घेऊन कधी सांगितली नाही. अशी क्षमा मागितली असे धरावे का, हे रोजनिशीत अनेकदा लिहूनही ठरलेले नाही.

४. यंदा आई वडिलांविषयी म्हणाली, "एकदा त्यांना चालताना बघू दे." बल्ब मागितल्यावर नंदुरबारचे फोटोवाले हसले. जिनलने मागवलेला बल्ब खाचेत बसेना. शेवटी चाचांकडेच गेलो. फोटोची दुकाने सोड, दवाखान्याच्या सामानाचे दुकान गाठ, तिथल्या जुन्या दिव्यांना हाच बल्ब लागतो, असे त्यांनी सांगितले. सुरतेत दोन मिळाले. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि वडील चालू लागले. आईने ते दहा सेकंद अकरा वेळा पाहिले.

उरलेला सुटा बल्ब जिनलने रुमालानेच धरावा. प्रोजेक्टर लावण्याआधी चाचांना बोलवावे व वडिलांच्या वेताच्या खुर्चीत बसवावे. खुर्ची त्यांच्या नावे करत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकील म्हणाले, आणि मला साक्ष त्यांचीच हवी.

५. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही. मी चाचांच्या घरी जाऊन त्यांना कलम ३ वाचून दाखवले. ते उठले आणि कापसात ठेवलेला जुना बल्ब घेऊन आले. काचेवर पांढरा डाग होता.

"माले तवयच ठाऊक व्हतं, पारस. तुन्हा अंगठा शे हाऊ. दरसाल तू माफी मांगस आनि मी वाट दखस, यंदा तरी सांगशी."

मग त्यांनी पेन मागितले.

सबब सहीबरोबर डाव्या अंगठ्याचा ठसाही खाली देत आहे. पडताळणी करायची झाल्यास आधीचा ठसा साक्षीदार क्र. १ यांच्याकडे आहे.

खांडबारा, १४ सप्टेंबर २०२५

(सही व ठसा) पारस सुमेरमल बाफना

साक्षीदार:
१. बशीर उस्मान मन्यार, मेकॅनिक
२. मोहिनी फुलसिंग वळवी, शिक्षिका