सणसरचा शिधा

इंदापूर,
२१ डिसेंबर १९३४

ती. सौ. आईस, नीळूचा सायकलवरून उतरून साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघेही खुशाल आहोत. माझा गुडघा थोडा खरचटला आहे, तो नानांना सांगू नकोस. तुझा खोकला कसा आहे? काढा घेतेस ना?

काल सणसरजवळ चिंतामणच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. जवळच्या मळ्यातल्या सरुबाईंनी आम्हाला सावलीत बसवले, ट्यूब बुडवून पाहायला घमेलेभर पाणी दिले. मग आडनावे विचारली आणि पीठ, मीठ, वांगी, सरपण असा शिधाच पुढ्यात आणून ठेवला.

"तुमी बामनाची पोरं. आमच्या हातचं चालायचं न्हाय. हितं करून खावा."

आई, आम्हाला धड चहासुद्धा येत नाही! माझी भाकरी थापतानाच फाटली, चिंतामणची तव्याला चिकटली. सरुबाई लांबून ओरडत होत्या, "आवं, पानी कमी घाला!" शेवटी मीच परात त्यांच्याकडे सरकवली. म्हटले, "मावशी, तुम्हीच थापा."

त्यांनी हात धुतले, पण पिठाला लावेनात.

"तुमची आई रागवायची न्हाय न्हवं?"

"छे, मुळीच नाही," मी म्हणालो.

चार भाकऱ्या खाल्ल्या. वाटेसाठी बांधून दिलेली एक अजून उरली आहे.

तुझे सोवळे मला ठाऊक आहे. परतताना आम्ही त्याच वाटेने येणार, आणि त्या पुन्हा विचारतील. तुला न विचारताच मी शब्द देऊन बसलो आहे, आई. तेवढा खरा कर.

तुझा,
नीळू