उकडलेल्या दाण्याला कोंब

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? शाळेचे जिने जरा कमी चढ, असं सांगून उपयोग नाही. मुख्याध्यापिका बाईंना सांगणार कोण? आम्ही इकडे मजेत. ह्यांच्या लिफ्टच्या दुरुस्त्या चालूच आहेत. काल एका आजींना दोन मजल्यांच्या मधून सोडवलं, तर बाहेर येऊन त्यांनी आधी ह्यांचीच खरडपट्टी काढली. माझ्याकडे एका गायनवृंदाचे काळे झगे शिवायला आलेत. सगळे एकाच मापाचे हवेत म्हणे, आणि गाणारी माणसं मात्र सगळ्या मापांची.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. दोन खोल्यांचं घर, भिंती नावाला, आणि तुझी भाची सगळं ऐकते. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तू ठेवलेलं ‘भुंगा’ हे नाव तिला पुन्हा शोभायला लागलंय, ताई. ती गुणगुणते! काम करताना, विचार करताना, तोच तो बंद ओठांतला आवाज. शाळेत बाईंनी ‘हा आवाज बंद कर’ म्हटलं आणि तो असा बंद झाला की घरातही ऐकू येईना. मग चुकलेल्यांना मागच्या भिंतीशी उभं करणं, मग रोज सकाळी दारापाशी ओकणं. ते सगळं तुला माहीत आहे. तिला शाळेतून काढलं तेव्हा तू म्हणालीस, “पळपुटेपणा शिकवतेस.” असो.

बाकीचे विषय मी घेते, जमेल तसे. विज्ञानासाठी ते ऑनलाइन लावलंय. दर महिन्याला एक खोका येतो: काचेचे ग्लास, तारा, चुंबक, बिया, पुड्या. आठवड्यातून एकदा पडद्यावर तास असतो. घरीच शिकणारी पंधरा-वीस मुलं आणि एक तरुण शिक्षिका, तिला सगळे ‘प्रयोगताई’ म्हणतात. प्रयोग मुलांनी आपापल्या घरी, आपल्या हातांनी करायचा आणि तासाला काय झालं ते दाखवायचं. भुंगाचा एकही प्रयोग आजवर बिघडलेला नाही. मिठाचे स्फटिक तर बोराएवढे झाले. मी जवळपासच असते, मशीनवर. तेवढंच.

तू तुझ्या शाळेत तिच्यासाठी जागा राखून ठेवलीस, फार केलंस. पंधरा मार्चपर्यंत कळवायचं ना? कळवते. अजून वेळ आहे.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं, त्यातल्या तीन जागेबद्दल. “काचेच्या बरणीत लोणचं टिकतं, मुलं नाही” हे वाक्य तू शाळेच्या सभेतही वापरतेस का ग?

माझं काही बिनसलेलं नाही. जरा अस्वस्थ आहे, इतकंच. काल एका झग्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. हे म्हणाले, “एका बाजूला कलून गाणारा असेल कुणी, त्याला दे.” मला हसूही आलं नाही.

झालंय असं की भुंगाचं गुणगुणणं कमी झालंय. बंद नाही, कमी. आणि कारण सापडत नाही. सगळं तर नीट होतंय! बाटलीत खमीर, म्हणजे यीस्ट, घालून तोंडावर लावलेला फुगा टम्म फुगला. विजेचा दिवा पहिल्याच झटक्याला लागला. तरी तास संपला की ती पडदा मिटते आणि नुसती बसून राहते. मी म्हटलं, “छान झालं की!” तर म्हणाली, “हो. माझं नेहमीच छान होतं.” ते कौतुकासारखं वाटलं नाही मला.

त्या तासाची एक रीत मला पहिल्या दिवसापासून खटकते. प्रयोगताई येते आणि पहिला प्रश्न विचारते, “कुणाचं फसलं?” ज्यांचं फसलं ती मुलं हात वर करतात, मग त्यांचेच चौकोन मोठे होऊन पडद्यावर पुढे येतात आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला तिची जुनी शाळाच आठवली. तीच भिंत, फक्त मागची पुढे आणली, असं वाटलं. त्याच क्षणी ठरवलं, माझी पोर त्या रांगेत जाणार नाही. आणि ती एकदाही गेलेली नाही.

हल्ली तिचे प्रश्नही विचित्र असतात. परवा म्हणाली, “आई, मी आंघोळीला गेले की तू कुठे बसतेस?” मी म्हटलं, मशीनवर, दुसरीकडे कुठे? तर म्हणाली, “मग मशीनचा आवाज का येत नाही?” मी दोरा ओवत असते म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. तुझ्यासारखी हलवते, वर्गात एखाद्याची सबब ऐकताना तू हलवतेस तशी.

या महिन्यात घेवड्याचे दाणे आहेत. ओल्या कापसावर ठेवून कोंब बघायचे. चार ग्लास खिडकीत मांडलेत. एक उजेडात, एक डब्याखाली अंधारात, एक बिनपाण्याचा. चौथ्यात काय वेगळं केलंय, ते ती सांगत नाही.

जागेचं मी विसरलेले नाही.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या कमरेची चौकशी आज शेवटी करीन. आधी हे सांगू दे, कारण हे या घरात सांगायची मला बंदी आहे.

काल तास होता. मी नेहमीसारखी कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, मशीनवर. प्रयोगताईने विचारलं, “कुणाचं फसलं?” आणि भुंगाने हात वर केला.

“माझं,” ती म्हणाली. चौथा ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. त्यात बोटभर पांढरा कोंब. “हा दाणा मी उकडून ठेवला होता. तरी उगवला.”

मशीनची सुई कापडात तशीच राहिली.

पडद्यावर एकच गिल्ला झाला. कुणी म्हणालं, नीट शिजला नसेल. कुणी म्हणालं, ग्लासांची अदलाबदल झाली असेल. एक दात पडलेला पोरगा ओरडला, “घरातल्या कुणीतरी बदलला!” सगळे हसले. प्रयोगताई हसली नाही. तिने विचारलं, “तुला काय वाटतं?”

“तो अंदाज माझ्याकडे पण आहे,” भुंगा म्हणाली. “पण अजून तपासलेला नाही.”

आणि ताई, ती खुलली होती ग! गाल लाल झालेले, पडद्याच्या इतकी जवळ की श्वासाचं धुकं काचेवर. मुलं तिला प्रश्न विचारत होती, तीही उलट विचारत होती. तिच्यासाठी कुणी इतक्या उत्सुकतेनं थांबलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती रांग भिंतीची नव्हतीच. ज्याचं फसलं त्याला बोलायला मिळतं, बाकीच्यांचे चौकोन लहानच राहतात. इतके महिने माझी मुलगी एका कोपऱ्यात लहान चौकोन होऊन बसली होती, आणि तिला तिथे बसवलं होतं मी.

हो, मीच. स्फटिकाच्या पाण्यात तिच्यामागे आणखी मीठ मी विरघळवलं. खमिराचं पाणी कोमट मी करून ठेवलं. दिव्याच्या तारांची टोकं मी खरवडली. आणि रिळांच्या डब्यामागे एका वाटीत जास्तीचे दाणे भिजत घातले होते. ती आंघोळीला गेली की खिडकीशी जायचं, मागे पडलेला दाणा उचलायचा, कोंबवाला ठेवायचा. चौथ्या ग्लासात काहीच होईना, तेव्हा तिथलाही दाणा बदलला. गुणगुणणं थांबेल ही एकच भीती होती, ताई. ज्याला वाचवायला गेले, त्याचाच गळा धरून बसले होते.

रात्रीच्या जेवणाआधी ह्यांना गाठलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला म्हणाली, बाबा एक दाणा उकडून द्या. मी दिला.”

“आणि का ते विचारलं नाहीत?”

“तू तो दाणा का बदललास ते तरी कुठे विचारलं?” म्हणाले, आणि ताटं घ्यायला उठले.

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. या घरात मी सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मग मी भुंगापाशी गेले, सगळं सांगून टाकायचं म्हणून. “ऐक ना, तो दाणा,” एवढंच बोलले असेन, तर तिने तळहात माझ्यासमोर धरला.

“सांगू नकोस, आई. तू सांगितलंस तर ते नुसतं सांगितलेलं होईल. मी तपासते.”

तिने आणखी एक दाणा उकडून घेतला. माझ्याच सुईने त्यातून लाल दोरा ओवला, गाठ मारली, ग्लासात ठेवला. उगवेपर्यंत किंवा सडेपर्यंत थांबायचं. पहारा नाही, कुलूप नाही. आज आंघोळीला गेली ती दार लावून, आणि तासभर बाहेर आली नाही.

तोवर मी माझ्या हातांचं काय करू? झगे शिवून संपले. उसवलेलं सगळं शिवून झालं, आता न उसवलेलं उसवून शिवतेय. खिडकीकडे पाठ करून बसले तर मानेला तो ग्लास जाणवतो. वाटीतले दाणे मी फेकून दिले आणि मग मलाच चुकचुकल्यासारखं झालं.

माझ्या चित्रकलेच्या वहीतली सगळी झाडं तू काढायचीस, आठवतं? मला अजून झाड काढता येत नाही. तुला दोष देत नाहीये. आज सहज डोळ्यांसमोर आलं.

कंबर जप.

धाकटी


५ मार्च

प्रिय ताई,

दाणा सडला.

आधी काळपट झाला, मग बुळबुळीत, मग त्याला असा वास सुटला की ह्यांनी जेवताना खुर्ची फिरवून घेतली. मी हात लावला नाही. एकदा ग्लासपर्यंत गेले होते, खोटं कशाला सांगू. लाल दोऱ्याकडे बघत उभी राहिले आणि परत येऊन बसले.

काल तासाला प्रयोगताईने तोच प्रश्न विचारला. भुंगा म्हणाली, “माझं फसलं नाही. सडला. सडायलाच हवा होता.” त्या दात पडलेल्या पोराने लगेच विचारलं, “मग मागच्या वेळी कसा उगवला?”

तिने कॅमेऱ्याच्या पलीकडे, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगेल आता. सांगू दे.

“घरात एक घटक होता, त्याला फार काळजी वाटायची,” ती म्हणाली. “आता तो आपल्या जागी बसतो.”

प्रयोगताईने वहीत काहीतरी लिहिलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. मी झग्याच्या उरलेल्या कापडात तोंड खुपसलं. हसत होते की रडत होते, ते मला विचारू नकोस.

तास संपल्यावर तिने ग्लास स्वतः घासला. आणि घासताना, ताई, गुणगुणत होती. सडक्या दाण्याच्या वासात, नाक मुरडून, पण गुणगुणत.

मग मी तिच्याशेजारी उभी राहून तुझ्या शाळेतल्या जागेचं सांगितलं. मी तिला आजवर हे विचारलंच नव्हतं. तू मला विचारत होतीस, मी तुला टाळत होते, आणि जिला जायचं तिला पत्ताच नव्हता. मला वाटलं, घाबरेल. दारापाशी धावेल. ती ग्लास पुसत राहिली. मग म्हणाली, “मावशीच्या शाळेत चुकलं तर पुढे बोलावतात की मागे उभं करतात?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

“मग मावशीलाच विचार. पण खरं सांगायला सांग. छान-छान नको.”

ती तुझ्याकडे राहायला आली तर मला घर खायला उठेल. नाही आली तर तू मला खाशील. दोन्हीची तयारी ठेवलीय. पण तिचा निर्णय तुझ्या उत्तरावर आहे, आणि ते उत्तर मी गोड करून तिला वाचून दाखवणार नाही. म्हणून एकच मागते. तुझ्या वर्गात जे खरोखर होतं तेच लिही, मागची भिंत असेल तर भिंतसुद्धा, आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस, तिचं घाल. ते आलं की मी तिच्या हातात देईन, न फोडता.

खिडकीकडे पाठ करून बसलेली,
तुझी धाकटी