बाईचा अझेलिया

प्रिय बाई,

आज सकाळी तुझ्या अझेलियाले फुलं आली. एक नाई, पाच. मी दात घासायचे सोडून तिथीच उकिडवा बसलो. तू देवाघरी जाऊन सहा महिने झाले, पन हे तुले सांगितल्याबिगर चहा घशाखाली जाईना. एक कबुलीबी द्यायची राह्यली आहे, म्हनून लिहून राह्यलो.

सिक्कीमच्या सहलीतून ते वीतभर रोपटं तू मांडीवर घेऊन आली, तवा मी किती हासलो होतो. थंड डोंगरावरचं फुलझाड, अन् आपली ब्रह्मपुरी! "बाई, इथी मे महिन्यात मानूस वाळते," म्हनलो. तू म्हनली, "मानूस वाळते म्हनून जन्माले येनं सोडते का?" न्हाणीमागच्या सावलीत कुंडी ठेवली अन् भोवताल ओले पोते बांधले.

मंग उन्हाळ्यात तुले चंद्रपूरले दवाखान्यात भरती केलं. कुंडी माझ्या हवाली. मी कायले गप बसतो? आपल्या धानाच्या मुलखात वांग्यापासून गुलाबापर्यंत सगळ्याले राईस मिलची काळी राख चालते. दोन-तीन मुठी चांगली कालवून देल्ली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.

आषाढात तू घरी आली, कुंडीत बोट घातलं. बोट काळं झालं.

"काई टाकलं का रे?"

साठीचा मानूस मी, अन् मोठ्या बहिनीले म्हनलो, "नाई बाई, उन्हानं झालं."

तू बोटाकडे पाहलं, माझ्याकडे पाहलं, अन् म्हनली, "असन." रागावली काऊन नाई? दम लागत होता तरी सगळी माती झटकली, पावसाच्या पान्यानं मुळं धुतली, मोहाच्या झाडाखालचा कुजलेला पाला भरला. "याले आंबट माती लागते," एवढंच बोलली.

फुलं गुलाबी आहेत, बाई. पाकळी एवढी पातळ, की मागचं बोट दिसते. ज्याचा मी जीव घेत होतो, त्याच्यातून हे आलं कुठून? सकाळपासून पाहून राह्यलो, डोकं चालत नाई.

आता लिहिता लिहिता शेजारीन आली. "भाऊ, काय टाकलं हो याले?" मी म्हनलो, "काई नाई, पानी." पुन्हा खोटं बोललो, बाई.

राख मीच टाकली होती, मातीचा आंबटपना तिनंच मारला. तुले माहीत होतं, हेबी मले माहीत होतं.

वचन देतो. आता जो कोनी येईन, त्याले आधी मी काय केलं ते सांगीन, मंग तू काय केलं ते, अन् फूल त्याच्यानंतर दाखवीन. शेजारीन अजून फाटकाशी उभी आहे. तिच्यापासूनच सुरू करतो.

तुझा लहाना भाऊ,
बंडू