खाली राहिलेली खिडकी

अहो,

प्रिय वगैरे लिहायला मला अजून लाज वाटते. नुसतं अहो म्हटलं की तुम्ही वळून बघायचात, तेवढं पुरे. कारण ऐका. उद्या सकाळी युसूफ मिस्त्री येणार आहेत, नव्या घराची पुढची खिडकी फोडून वर घ्यायला. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. घर दोघांनी बांधलं, मग हे मी एकटीनं कसं ठरवायचं?

तुमचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर घर कुलपातच होतं, दुःखाच्या वर्षात वास्तुशांती नको असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी आपली अजून त्याच भाड्याच्या खोलीत. आता राकेशची घाई सुरू झाली आहे. लेक तुमचाच, एकदा मनात आलं की दम धरवत नाही. सुरतेहून रोज फोन. "आई, तू एकली तठे कशी ऱ्हाशी? खिडकी वर कराडी ल्हे, घर भाडाने दी टाकू, अन् तू आठे ये." त्याचं चूक आहे असं नाही हो. रस्त्याला लागून घर, खिडकी गुडघ्याएवढी खाली आणि आत एकटी बाई! मी हो म्हणून बसले.

गुडघ्याएवढी! काय तो तुमचा पराक्रम!

आठवतं का, शहाद्याबाहेरचा तो प्लॉट मला पहिल्यांदा दाखवलात तेव्हा? नुसती काटेरी झुडपं आणि एक बसलेली म्हैस. "हाऊ आपला हॉल," म्हणालात म्हशीकडे बोट दाखवून. मला हसूच आवरेना. जन्मभर तोरणमाळची एसटी गाडी चालवलीत, घाटातली वळणं झोपेतही सांगायचात, आणि आता त्याच रस्त्याच्या कडेला घर हवं होतं तुम्हाला. मला कुठलंही चाललं असतं. फक्त मोठा ओटा आणि भिंतीत एक खिडकी, एवढंच माझं मागणं.

खिडकीचं मी का म्हणायचे, ते तुम्हाला ठाऊक होतं. आपल्या खोलीच्या मागूनच तो रस्ता जातो, पण त्या बाजूला नुसती भिंत. तुमची गाडी दुपारी शहाद्याहून निघाली की मागून जाताना तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचात. मी खाली बसलेली, पुढ्यात मिरच्यांचा ढीग नाहीतर पिठाची परात. हॉर्न ऐकू यायचा. तुम्ही दिसायचा नाहीत. गल्लीला वळसा घालून पळत जाईपर्यंत नुसती धूळ उरायची. गाडी चालवताना तुम्ही कसे दिसता, ते मी कधी पाहिलंच नाही! प्रवासाला गेलो तरी तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर, घोरत.

बांधकामाचे दिवस मात्र छान होते, नाही? निवृत्त झालात आणि सकाळपासून तिथेच मुक्काम. स्लॅब टाकला तेव्हा पाणी मारायला आपण दोघं. तुम्ही पाइप धरायचात, मी स्लॅबवर घातलेल्या मातीच्या आळ्यांत पाणी तुंबलंय की नाही ते बघायची. निम्मं पाणी माझ्या पातळावर. "चुकीसन उडनं," म्हणायचात. चुकून कसलं? मिशीतलं हसू मला दिसत होतं.

आणि मग तो शुक्रवार. युसूफ मिस्त्री नमाजाला गेले होते. त्यांनी बजावून ठेवलं होतं की आतली मुरुमाची भर पडल्याशिवाय खिडकीचं माप घ्यायचं नाही. तुम्हाला कुठला धीर! प्लास्टिकची खुर्ची आणलीत, खाली मातीत मांडलीत, वर ऐटीत बसलात. समोर बघितलंत, जणू काच पुसून गाडी काढायची आहे. मग कोळशानं खांबावर रेघ ओढलीत, खिडकी इथून सुरू. मी म्हटलं, उभं राहून तरी बघा. तर मलाच शिकवलंत, "राकेशनी माय, ड्रायव्हर बठीसनच माप लेस. उभा ऱ्हाईसन कोनी गाडी चालाडस का?"

भिंती चढल्या. मग मुरूम पडला, चोपला, फरशी बसली, जमीन चांगली खुर्चीएवढी वर आली. खिडकी तिथेच, तिची वरची कडही माझ्या खांद्याखाली. उभी राहिले तर मला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायला लागले! शेजारची बकरी तर सरळ आत तोंड घालून उभी. तुमच्यावर काय तोंडसुख घेतलं मी त्या दिवशी! "हाई खिडकी शे का बकरीसले येवा-जावाले दार?" मिस्त्रींनी कानावर हात ठेवले. "काकू, माप काकानी दिधं. मी फक्त विटा बसाड्यात." आणि तुम्ही? चहाचा कप घेऊन त्या खिडकीतच बसलात, मला हात करून म्हणालात, "दख, बठाले जागा व्हयनी." म्हणे बसायला जागा झाली!

खिडकी वर घ्यायची की नाही, यावर आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणालात आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोहोचला नाहीत. गाडी कधी वेळेआधी सोडली नाहीत तुम्ही. धावत येणारा एखादा दिसला तर थांबायचात. मग माझ्यासाठी का नाही थांबलात हो? मला राग आहे त्याचा. अजून आहे.

आज दुपारी मी नव्या घरी गेले होते. मिस्त्रींना काम करायला जागा मोकळी करून ठेवावी म्हणून. झाडून घेतलं, आणि दमून फरशीवर बसले, भिंतीला टेकून. हाताला चाळा म्हणून पिशवीत थोड्या मिरच्या नेल्या होत्या, त्यांचे देठ खुडायला घेतले. ठसका लागला म्हणून मान वर केली.

समोर अख्खा रस्ता! शाळेतून येणाऱ्या पोरी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, कापसानं भरलेला ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे सातपुड्याची सगळी रांग. उभी राहिले तर पाय, बसले तर सगळं. मी पुन्हा उठून बघितलं, पुन्हा बसून बघितलं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलं.

मग लक्षात आलं. तुम्ही खुर्चीवर बसून माप घेतलंत, आणि जमीन खुर्चीएवढी वर आली. मी तर कायम जमिनीवर बसणारी. म्हणजे जिथे तुमचे डोळे होते, तिथे आता माझे आले!

हे तुम्ही ठरवून केलंत का? छे! मी ओळखते तुम्हाला. ठरवून केलं असतंत तर आल्यागेल्याला शंभरदा ऐकवलं असतंत. चूकच होती ती, शुद्ध चूक. पण एवढी माझ्या मापाची वस्तू तुम्ही मला जन्मात आणली नव्हती. एक तरी चोळी नीट बसली का?

मी हसत होते आणि रडत होते. मिरचीच्या हातानं डोळे पुसले, मग तर विचारूच नका.

तर उद्या मिस्त्री आले की मी सांगणार आहे, खिडकीला हात लावू नका, जाळी तेवढी बसवा. राकेशला सांगणार आहे, दिवाळीला तूच ये, आई इथेच राहणार. तो चिडेल, मग येईल. वास्तुशांती करते, तुमच्या फोटोला हार घालते, आणि रोज दुपारी तिथेच बसेन, भिंतीला टेकून. हा माझा शब्द.

एक सांगायचं राहिलं. मी डोळे धूत होते तेवढ्यात तोरणमाळची गाडी आली. ओला पदर तसाच धरून खिडकीशी येऊन खाली बसले. ड्रायव्हर कोणी नवा होता, त्याला काय माहीत! हॉर्न वाजला नाही. पण ड्रायव्हरची सीट दिसली हो मला, स्टिअरिंगवरचे हात दिसले, समोर लागलेली नजर दिसली. असे दिसायचात तर तुम्ही.

तुमची,
राकेशनी माय