पुरुषांच्या तिप्पट बायका

४ फेब्रु. ७८
नोटीस लागली. वाइंडिंग खात्यात चेकरची एकच जागा, तीही खात्यातल्याच बाईला. गणिताचा पेपर द्यायचा. नाव दिलं. वळून बघते तर रांगेत माझी नणंद सुमन. काळेवाडीपर्यंत दोघी एकाच बसने, एकाच घरी आलो.

७ फेब्रु.
शेजारच्या मास्तरांकडून आठवीचं पुस्तक आणलं. बेरीज-गुणाकार येतात. शब्दांचं समीकरण म्हटलं की डोकं बंद. 'एका संख्येच्या दुपटीतून पाच वजा.' क्ष कुठे, पाच कुठे? भाकरी करपली. हे म्हणाले, "आज शाळेचीच भाकरी का?"

११ फेब्रु.
जमतंय. शब्द येतात तसे लिहीत सुटायचं नाही. आधी विचारायचं, जास्त कोण?
सुमनने वही पुढे केली. 'खात्यात पुरुषांच्या तिप्पट बायका. एकूण चाळीस.' तिने लिहिलेलं, ३ब = प. "बरोबर हाय ना, वहिनी?"
उलटं होतं. तीनचा आकडा पुरुषांच्या 'प'शेजारी हवा.
"हो," मी म्हणाले. का म्हणाले?

१२ फेब्रु.
मशीनवर तार दोनदा तुटली. सुपरवायझर ओरडला.
सुमन नवऱ्याकडून परत आली त्याला दोन वर्षं झाली. चेकर झाली तर सांगवीला खोली घेणार. मला काय, बसून बसून कंबर गेलीय, एवढंच. एवढंच कसं? नऊ वर्षं काढलीत त्या मशीनवर मी.
सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही.

१४ फेब्रु.
आज पेपर. स्टॉपवर सांगून टाकलं. "सुमन, ते ब = ३प. तू उलटं लिहिलंयस."
बघतच राहिली. "त्या दिवशी तर हो म्हणालीस."
"चुकलं माझं."
"तेव्हा चुकलं का आत्ता चुकवतीयस?"
बस आली. ती पुढे जाऊन बसली. दहा पुरुष, तीस बायका घालून बघ, एवढं सांगायचं होतं.
पेपरात तसलंच आलं. लाल रिळं पिवळ्यांच्या चौपट. सुमन पुढच्या बाकावर. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. काय ते दिसलं नाही.

१५ फेब्रु.
पेपरात काय लिहिलंस, विचारलं. "निकालात कळंल," म्हणाली. ह्यांना काही माहीत नाही. दोघींपैकी कुणीतरी होईल म्हणून खुशीत आहेत.

१७ फेब्रु.
निकाल लांबला. सुमन आज एकटीच पुढे निघून गेली, डबा न घेता. मीच नेला. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढे ठेवला. झाकण उघडून म्हणाली, "मीठ घातलंय का भाजीत?"
"हो."
बोटावर घेऊन आधी चाखलं तिनं. मग जेवायला बसली.